आमची वाटचाल: हिरवी खूण आणि दुसरा मजला

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मी कॉम्प्युटर दुरुस्ती करायचो. पुढचा महिनाभर कलिना-कुर्ल्याच्या ऑफिसांतून चिखलाने भरलेले सीपीयू उचलून आणले. जमेल तेवढा डेटा काढून दिला, बराचसा गेलाच. बॅकअपच्या सीड्या असायच्या, पण त्याच टेबलाच्या खालच्या खणात! आमच्या बॅकअप सॉफ्टवेअरचा धंदा तिथून सुरू झाला.

गोरेगावच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये भाड्याचा गाळा, कोडिंगला दोन मुलं, हिशेब आणि फोन बायकोकडे. टेस्टिंग म्हणजे काय, तर नवीन व्हर्जन आमच्याच मशीनवर चालवायचं आणि हिरवी खूण आली की गिऱ्हाइकांना पाठवायचं. बरीच वर्षं असंच चाललं.

मग एक दिवस लालबागहून आमच्या एका गिऱ्हाइकाचा, छापखानावाल्या काकांचा फोन आला. "अरे, हिरवी खूण रोज येते. मग दुसऱ्या मजल्याची बिलं गेली कुठं?"

जाऊन पाहिलं. मूळ डिस्क बंद पडली होती आणि आमच्या बॅकअपमध्ये 'दुसऱ्या मजल्याची बिले' नावाची एकच फाईल होती. काका म्हणाले, दोन होत्या. मी म्हटलं, एका फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फाईली विंडोज ठेवूच देत नाही. काकांचंच खरं निघालं. 'ऱ' दोन तऱ्हांनी साठवता येतो: एक अख्खं अक्षर, किंवा 'र' आणि खाली नुक्ता (टिंब). स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात, पण एनटीएफएसच्या (विंडोजची डिस्कवर फाईली ठेवायची पद्धत) लेखी ती दोन वेगळी नावं. दोन कॉम्प्युटरवर दोन कीबोर्ड लेआउट, म्हणून दोन फाईली. आमच्या नव्या व्हर्जनने नावं 'साफ' करायला घेतली, दोन्ही एक झाली आणि दुसरीने पहिली पुसली. जुन्या व्हर्जनमध्ये हे नीट चालत होतं, सुधारणा करताना आम्हीच मोडलं. काका ओरडले नाहीत, चहा पाजला. ते जास्त लागलं. आमचा एक कोडिंगवाला मुलगा दोन दिवस तिथे बसून कार्बन कॉपीवरून बिलं टाइप करत होता.

त्याच आठवड्यात पहिली रिग्रेशन टेस्ट (आधी चालणारं काही नव्या बदलाने मोडलं का, ते तपासणारी) लिहिली. तिचं नाव आजही 'दुसरा मजला' आहे. तेव्हापासूनचा शिरस्ता: तक्रार आली की आधी ती पकडणारी टेस्ट लिहायची, ती नापास झालेली डोळ्यांनी पाहायची, मगच कोडला हात लावायचा. टेस्ट वाकड्यातिकड्या फाईली तयार करते, बॅकअप घेते, मूळ उडवते, दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करते आणि प्रत्येक फाईलचा एसएचए-२५६ हॅश (फाईलच्या मजकुरावरून काढलेला ठसा) जुळवते. 'नवीन', त्यात 'नवीन फायनल', त्यात 'खरंच फायनल' असं करत विंडोजच्या नेहमीच्या २६० अक्षरांच्या मर्यादेपलीकडे गेलेला पाथ (फाईलचा पूर्ण पत्ता), स्वतःच्याच वरच्या फोल्डरकडे बोट दाखवणारं जंक्शन (दुसऱ्या फोल्डरकडे नेणारी वाट), शॅडो कॉपी (चालू डिस्कचा त्या क्षणाचा जणू फोटो) बनत असताना लिहिली जाणारी फाईल (सीएच्या ऑफिसात अकाउंटिंग कधी बंदच नसतं), सगळं त्यात आहे. पेनड्राइव्हची गंमत वेगळीच. एफएटी३२ (पेनड्राइव्हवर फाईली ठेवायची एक पद्धत) फाईल बदलल्याची वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यात ठेवतं. आम्ही वेळ तंतोतंत जुळवत होतो, त्यामुळे न बदललेल्या फाईलीही रोज रात्री नव्याने कॉपी व्हायच्या.

आधी तीन भंगार डेस्कटॉपवर हे चालायचं. कुणीतरी त्यावर गाणी टाकायचं आणि टेस्ट कोसळायची. मग कर्ज काढून सर्व्हर घेतला, हायपर-व्हीवर (एकाच सर्व्हरमध्ये अनेक मशीन चालवणारं मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर) व्हर्च्युअल मशीन उभी केली. आता रोज रात्री चेकपॉइंटवर (मशीनची जपून ठेवलेली आधीची स्थिती) परत, कोरी पाटी. "याने विक्री वाढणार का?" बायकोने विचारलं. मला उत्तर देता आलं नाही.

एक चूक मात्र सांगायलाच हवी. एक टेस्ट मधूनच नापास व्हायची, पुन्हा चालवली की पास. दोन महिने आम्ही 'नाटक करते' म्हणून सोडून दिलं. शेवटी कळलं की अँटिव्हायरस फाईल काही सेकंद धरून ठेवतो. गिऱ्हाइकांकडे तेच होत होतं आणि ती फाईल गुपचूप वगळली जात होती.

मायक्रोसॉफ्टचे अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, आपल्याकडे तेव्हा रात्र असते. अपडेटने काही मोडलं का ते पाहायला त्या बुधवारी मी गाळा लवकर उघडतो. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पण आमची निम्मी गिऱ्हाइकं त्यावरच आहेत, म्हणून टेस्टमधलं त्याचं मशीन काढलेलं नाही. विंडोज ७ चंही एक ठेवलंय, एका पॅथॉलॉजी लॅबसाठी. त्यांच्या तपासणी यंत्राचं सॉफ्टवेअर पुढच्या विंडोजवर चालत नाही. नवीन कधी घेणार विचारलं, तर म्हणाले, हे मोडलं की. अजून मोडलेलं नाही.