सरासरीत बुडालेले वीस

मंगळवार, रात्री उशिरा

दिवसभर फायो, म्हणजे डिस्कचा वेग मोजणारं टूल, चालू होतं. एनव्हीएमई ड्राइव्ह (वेगवान एसएसडी), ४ केबीचे रँडम रीड (डिस्कवर कुठूनही वाचणं), सोबत थोडे राइट (लिहिणं). टीममधला नवा मुलगा म्हणाला, "ताई, दर सेकंदाची सरासरी लेटन्सी लॉग होतेय, ग्राफ एकदम सपाट आहे. अजून काय बघायचं?"

लेटन्सी म्हणजे प्रत्येक वाचन-लेखनाला लागलेला वेळ, आणि तिचा ग्राफ सपाट होता खरा. मग कागदावर हिशेब मांडला. समजा, एका सेकंदात २ लाख आयओ (वाचन-लेखनाच्या मागण्या) झाले. त्यातले २० सोडून बाकी सगळे १०० मायक्रोसेकंदांत परतले आणि ते २० अडकले ५० मिलिसेकंद. सरासरी येते १०५ मायक्रोसेकंद. पाचशेपट उशीर झालेले वीस जण, आणि ग्राफवर रेघ जेमतेम केसभर वर! डेटाबेसवाला नेमका त्या विसांपायी रात्री उठून फोन करतो.

"मग प्रत्येक आयओ लॉग करू." करता येतं, पण याच वेगाने तासाभरात ७२ कोटी ओळी होतात. ती फाइल उघडणार कोण? आणि चाचणीच्याच यंत्रावर तिचं लिखाण चालू असेल तर आकड्यांवर भरवसा किती ठेवायचा?

म्हणून हिस्टोग्राम: वेळेचे खण पाडायचे आणि प्रत्येकात किती आयओ पडले ते मोजायचं. येन्स अ‍ॅक्सबोने लिहिलेल्या या फायोमध्ये ही सोय आहे, तरी फार कमी लोक ती वापरतात. दर सेकंदाला एक ओळ पडते: वेळ, रीड की राइट, ब्लॉक साइझ, आणि पुढे प्रत्येक खणात किती आयओ पडले ते. खण सारख्या रुंदीचे नाहीत, ही त्यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. १०० मायक्रोसेकंदांपाशी खण साधारण एक मायक्रोसेकंदाचा, तर ५० मिलिसेकंदांपाशी अर्ध्या मिलिसेकंदाचा. आकडा मोठा तशी मोजपट्टी ढोबळ. पण चूक प्रमाणात बघितली तर दोन्हीकडे एक-दोन टक्क्यांच्या आतच. फाइल तरीही जड वाटली तर कोर्सनेस (खणांचा ढोबळपणा) वाढवायचा. दर पायरीला खण निम्मे होतात. सहापर्यंत जाता येतं, पण तिथे शेपटीचा (सगळ्यात उशिरा परतलेल्या आयओंचा) आकार पार पुसट होतो. मी शून्यावरच ठेवते. डिस्क स्वस्त आहे.

जेवणानंतर खरा वाद रंगला तो अनेक जॉब्सच्या (एकाच वेळी चालणाऱ्या चाचण्यांच्या) पी९९ वरून, म्हणजे ९९ टक्के आयओ ज्या वेळेच्या आत परततात त्या आकड्यावरून. एका जॉबचा पी९९ २ मिलिसेकंद, दुसऱ्याचा ४०, म्हणून एकत्र २१? छे! बूथनिहाय मतं बेरजेला घेता येतात, बूथनिहाय टक्केवारीची नुसती सरासरी काढून निकाल लागत नाही. हिस्टोग्राम म्हणजे मतं. खणाला खण जोडा आणि मग पर्सेंटाइल काढा. फायोसोबत त्यासाठी पायथन स्क्रिप्टही येते. प्रत्येक जॉबच्या ओळी नेमक्या त्याच क्षणी पडत नाहीत, तेव्हा ती आधी त्यांची वेळ जुळवून घेते.

संध्याकाळी मिनिटामिनिटाचे हिस्टोग्राम शेजारी-शेजारी लावले. सुरुवातीला राइट्सचा एकच उंच सुळका. मग उजवीकडे, मिलिसेकंदांच्या भागात, बारीकसा दुसरा उंचवटा उगवला आणि वाढत गेला. ड्राइव्हचा एसएलसी कॅश (लिखाणासाठीचा वेगवान भाग) भरला असावा, किंवा गार्बेज कलेक्शन (डेटा हलवून जागा मोकळी करणं) सुरू झालं असावं. नुसत्या चित्रावरून दोन्हींत फरक करता येत नाही. मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "हे शेवटच्या पी९९ च्या आकड्यात दिसलंच नसतं." पूर्ण रनचा एकच आकडा काढला तर सुरुवातीची चांगली मिनिटं पुढच्या वाईट मिनिटांवर पांघरूण घालतात.

एक खोच मात्र त्याला सांगायची राहिली. हा लॉग फक्त क्लॅटचा आहे, म्हणजे आयओ कर्नलकडे (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे) सोपवल्यापासून पुरा होईपर्यंतचा वेळ. सोपवतानाच थांबावं लागलं, रांग भरलेली असली की लिबएआयओमध्ये (लिनक्समधल्या आयओ सोपवण्याच्या एका पद्धतीत) तसं होतं, तर तो वेळ स्लॅटमध्ये (सोपवायला लागलेल्या वेळेत) जातो आणि हिस्टोग्राम निर्मळ दिसत राहतो. उद्याच्या रनला स्लॅटचा लॉगही चालू ठेवायचा, आणि क्यू डेप्थ (एका वेळी किती आयओ सोपवून ठेवायचे) ३२ वरून ८ वर आणून बघायची.