‘शेवटी सगळं एकाच गाडीत तर जातं!’

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. फक्त मधेच विषय बदलू नका, एवढीच विनंती.

प्रश्न नेहमीचाच आहे. "घरी कचऱ्याचे तीन-तीन डबे, रिकामी पाकिटं धुऊन वाळवायची, ऑफिसात दुसऱ्यांनी टाकलेले कप वेगळे करायचे... एवढा आटापिटा कशासाठी? शेवटी सगळं एकाच गाडीत तर जातं!" नातेवाईक विचारतात, इमारतीच्या बैठकीत कुणीतरी विचारतं, ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत तर हा विषय हमखास निघतो. विचारणाऱ्याला खरंच उत्तर हवं असतं की मला गप्प करायचं असतं, हे मला अजून ओळखता येत नाही. म्हणून बऱ्याचदा "सवय आहे हो" एवढं म्हणून मी मोकळी होते. ते खोटं नाही, पण पुरेसंही नाही. ते बोलून झाल्यावर दिवसभर चुटपुट लागून राहते.

आधी गाडीचं बोलू. ती एकच असते, हे काही ठिकाणी खरं आहे. वेगवेगळ्या डब्यांतून खाली गेलेला कचरा गाडीच्या एकाच पोटात पडताना मी पाहिलाय. संताप आला होता, आजही येतो. पण तिथे जरा वेळ उभं राहिलं की आणखी एक गोष्ट दिसते. गाडीच्या कडेला गोण्या टांगलेल्या असतात. कचरा आत ढकलण्याआधी गाडीवरचे कामगार पुठ्ठा, बाटल्या, पत्र्याचे डबे, जाड प्लॅस्टिक झरझर उचलून त्या गोण्यांत टाकतात. ते भंगारात जातं आणि त्याचे चार पैसे त्यांना मिळतात. एकेका पिशवीला ते काही सेकंदच देऊ शकतात. पिशवी कोरडी, स्वच्छ असेल तर अख्खी उचलली जाते. उष्ट्याने बरबटलेली असेल तर गाठ न सोडताच आत जाते. गाडी एक असो की दोन, त्या काही सेकंदांत काय होणार हे माझ्या स्वयंपाकघरात आधीच ठरलेलं असतं.

पुढे भंगारातही हेच चालतं. तेलकट कागदाचा लगदा नीट होत नाही, ओल्या पुठ्ठ्याला भाव मिळत नाही. २०१८ मध्ये चीनने बाहेरून येणाऱ्या टाकाऊ कागदाच्या मालात घाणीची मर्यादा अर्ध्या टक्क्यावर आणली आणि घराघरांतून येणारं टाकाऊ प्लॅस्टिक घेणं बंद केलं. तेव्हा वर्षानुवर्षं आपला कचरा तिकडे धाडणाऱ्या श्रीमंत देशांची पंचाईत झाली. इतका स्वच्छ माल त्यांच्याकडे नव्हताच.

पण मी धुतलेलं सगळं पुन्हा वापरात येतं, असा माझा दावा मुळीच नाही. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या तीन संशोधकांनी जगभरच्या प्लॅस्टिकचा हिशोब मांडला. २०१५ पर्यंत झालेल्या एकूण प्लॅस्टिक कचऱ्यापैकी जेमतेम ९ टक्क्यांचा पुनर्वापर झाला होता, १२ टक्के जाळला गेला होता आणि उरलेला ७९ टक्के जमिनीत पुरलेला किंवा उघड्यावर पडलेला होता. चकचकीत पाकिटांत प्लॅस्टिक आणि धातूचे थर एकमेकांना असे चिकटवलेले असतात की ते सोडवणं कुणालाच परवडत नाही. कागदी कपाला आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, म्हणून तो रद्दीत चालत नाही. हे सगळं वेगळं ठेवताना त्याला गिऱ्हाईक नाही, हे मला माहीत असतं. त्यावर खरा इलाज एकच, ते घरात आणि टेबलावर येऊच न देणं. ऑफिसात मी स्वतःचा कप वापरते, छपाई पाठपोट करते, आणि समारंभात वाटायच्या कापडी पिशव्यांना ठामपणे नको म्हणते. यावरूनही माझ्याकडे चमत्कारिक नजरेने पाहिलं जातं. पण ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २०११ मध्ये काढलेला हिशोब असा होता, की साध्या पातळ प्लॅस्टिक पिशवीपेक्षा सुती पिशवीचा हवामानावरचा भार कमी ठरायचा असेल तर ती निदान १३१ वेळा वापरायला हवी. कपाटात घड्या करून ठेवलेल्या पंधरा पिशव्यांनी काही वाचत नाही. एकच असावी आणि ती विरेपर्यंत वापरावी.

दुसरा युक्तिवाद असतो तो कंपन्यांचा. खरं प्रदूषण त्या करतात आणि शिकवण मात्र आपल्याला मिळते. हे मला पूर्ण मान्य आहे. अमेरिकेत १९५३ मध्ये ‘कीप अमेरिका ब्यूटिफुल’ ही संस्था स्थापन झाली, तिच्यामागे डबे आणि बाटल्या बनवणारे उद्योगच होते. कचरा करतो तो सामान्य माणूस, असं सांगणाऱ्या तिच्या जाहिराती गाजत राहिल्या आणि एकदा वापरून फेकायच्या वस्तूंचं उत्पादन वाढतच गेलं. त्यामुळे कायदे हवेत, उत्पादकांवर जबाबदारी हवी. याबाबत तुमचं-माझं भांडण नाहीच. पण कायदा येईपर्यंत माझ्या डब्यातल्या गोष्टी कुठे ना कुठे जातच राहणार, त्यांचं काय करायचं ते मला आजच ठरवावं लागतं.

इथवर मी आकड्यांनी उत्तर दिलं. पूर्वी मी नेहमी असंच द्यायचे. तेव्हाची मी तयारीत असायची. ओला कचरा ढिगाखाली हवेविना कुजला की मिथेन वायू होतो, शंभर वर्षांच्या हिशोबाने तो पृथ्वीला कार्बन डायऑक्साइडपेक्षा २७ ते ३० पट तापवतो. २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं ६० टक्के घरांतून, असं संयुक्त राष्ट्रांचा अहवाल सांगतो. हे सगळं एका दमात म्हणून दाखवायची. त्यातला शब्दन्‌शब्द आजही खरा आहे. पण एवढ्या मोठ्या बेरजेत माझा डबा कुठेच दिसत नाही, हे समोरच्यालाही कळायचं आणि मलाही. गाडीचं ते एकच पोट पाहिलं की माझाही धीर सुटायचा.

मग ऑफिसात ती संध्याकाळ आली.

बहुतेक जण निघून गेले होते. मी पँट्रीत बाटली भरायला गेले, तेव्हा आमच्या मजल्याची सफाई करणाऱ्या मावशी तिथला मोठा डबा रिकामा करत होत्या. पिशवी बांधण्याआधी कचरा हाताने दाबायचा, म्हणजे एका पिशवीत जास्त मावतो. त्यांना पिशव्या मोजून मिळायच्या. दुपारी कुणाच्या तरी हातून काचेचा ग्लास फुटला होता. त्याचे तुकडे टिश्यू पेपरात गुंडाळून डब्यात ठेवले होते, नंतरच्या लोकांनी त्यावर उष्टं आणि कप टाकले होते. मावशींनी दाबलं आणि झटकन हात वर घेतला. ओरडल्या नाहीत. अंगठ्याच्या मुळाशी तळहात उभा उघडला होता. आधी आतलं पांढरं दिसलं, मग रक्त आलं. त्यांनी तो हात पहिल्यांदा कुठे नेला असेल, तर परत डब्यावर. फरशी नुकतीच पुसलेली होती.

नळाखाली मी त्यांचं मनगट धरलं. पाणी लाल, मग गुलाबी, मग परत लाल व्हायचं. टॉवेल घट्ट बांधून आम्ही दवाखान्यात गेलो. वाटेत त्या मला विचारत होत्या, पिशवी बांधली का, नाहीतर लिफ्टमध्ये गळेल. डॉक्टरांनी जखम पाहिली आणि काच कशात होती ते विचारलं. उष्टं, थुंकी लागलेले कप, नाक पुसलेले कागद, हे मी सांगितलं तेव्हा त्यांनी धनुर्वाताच्या इंजेक्शनबरोबर काविळीच्या लशीचंही विचारलं. मग मावशींना अंगठा वळवायला सांगितला. अंगठ्याचं टोक जागचं हललं नाही. आतला टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोर, तुटला होता, ऑपरेशन लागणार होतं. बाहेर बाकावर बसल्यावर मावशी एवढंच म्हणाल्या, "काच आहे असं कुणी नुसतं बोललं असतं तरी चाललं असतं."

दुसऱ्या दिवशी कंत्राटदाराचा सुपरवायझर आला. हातमोजे दिले होते, त्यांनी घातले नाहीत, असं त्याचं म्हणणं. मी कपाटातून ते हातमोजे काढून सर्वांसमोर ठेवले. पातळ रबराचे होते, मावशींच्या हाताला दोन बोटं मोठे, आणि काच त्यांतून सहज आरपार गेली असती. यावर कुणी काही बोललं नाही. आमच्या बाजूने ‘दुर्दैवी अपघात’ असा शेरा लिहिला गेला. उपचाराचा खर्च बऱ्याच बोलाचालीनंतर मिळाला. मावशींना बरं वाटेपर्यंत आराम करायला सांगितलं, त्या आरामात त्यांच्या जागी दुसरी बाई आली आणि ती राहिली. मावशींचा अंगठा आता अर्धाच वळतो. फडकं पिळता येत नाही, आणि फडकं पिळता न येणाऱ्या बाईला सफाईचं काम कोण देणार? मी अधूनमधून फोन करते. त्या माझीच विचारपूस करतात, आणि मला पुढे काय बोलावं ते सुचत नाही.

ग्लास कुणी फोडला होता ते मी शोधलं नाही. ज्याने तुकडे टिश्यूत गुंडाळले त्याने आपल्या परीने काळजीच घेतली होती. डब्यात टाकलं की वस्तू संपली, असं आपल्याला सगळ्यांनाच वाटतं. ती संपत नाही, तिला पुढे हात लागतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २०१३ चा अंदाज होता की जगभरात दीड ते दोन कोटी माणसं कचरा वेचून जगतात. गाडीवरचे, इमारतींतले आणि ऑफिसांतले सफाई कामगार त्यांच्याशिवाय वेगळे.

तर माझं उत्तर हे आहे. मी कचरा वेगळा करते तो त्या हातासाठी. गाडी एक असली तरी हात असतोच. उलट गाडी एकच असली की हाताला जास्त चाचपडावं लागतं.

म्हणून माझ्या सवयींचा क्रमही बदलला. पहिला मान धारदार वस्तूंना. फुटकी काच जाड खोक्यात, खोकं चिकटपट्टीने बंद, वर लाल फुली, कारण अक्षरं सगळ्यांना वाचता येतातच असं नाही; आणि ते डब्यात टाकायचं नाही, हातात द्यायचं, तोंडाने सांगून. ब्लेड पत्र्याच्या डबीत. घरात इंजेक्शन घेणारं माणूस असेल तर सुया फिरकीच्या झाकणाच्या कडक बाटलीत. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून, त्यावरही खूण. मोबाइलच्या बॅटऱ्या कधीच कचऱ्यात नाही, गाडीत दाबल्या गेल्या की पेट घेतात. जुन्या ट्यूबलाइटमध्ये पारा असतो, ती फोडायची नाही. ओल्या कचऱ्याचं पाणी निथळून घ्यायचं, जमेल तेवढा घरीच कोरड्या पाल्याच्या थरांत जिरवायचा. बाटल्या-पाकिटं धुणं त्याच्यानंतर येतं.

पण पूर्वीची मी एवढ्याने गप्प बसत नाही. ती म्हणते, हे भावनेचं उत्तर झालं. ढिगाखालच्या मिथेनला कुणाचा अंगठा कळत नाही. वीज, गाडी, विमानप्रवास यांत कुठला हात दाखवणार आहेस? तिथे तुला माझेच आकडे लागतील. ते खरं आहे. त्या बाबतीत मी आजही तिच्याच हिशोबाने चालते. मग ती आणखी अवघड बोलते. कचऱ्यात माणसाचा हात जावाच का? तू तो सुरक्षित करतेस म्हणजे ते काम आहे तसं चालू राहायला मदतच करतेस. याला माझ्याकडे उत्तर नाही. यंत्रं यावीत, असं मी म्हटलं की मला गाडीच्या कडेच्या गोण्या आठवतात, त्यावर चालणारी घरं आठवतात. येऊ नयेत, असं म्हटलं की मावशी आठवतात.

तोवर ऑफिसात मी एकच मागणी लावून धरली आहे. प्रत्येक पँट्रीत काचेसाठी वेगळा, जाड पत्र्याचा, झाकणाचा डबा हवा. व्यवस्थापनाचं म्हणणं, वर्षातून ग्लास फुटतात तरी किती? आमच्या मजल्यावर डबा आला आहे. बाकीच्या मजल्यांची फाइल अजून पुढे सरकलेली नाही, आणि पुढच्या बैठकीत मी तोच विषय पुन्हा मांडणार आहे.