मेथडिस्ट मंडळीच्या सेवाकार्याची जबाबदारी सांभाळताना: माझा अनुभव

मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या आमच्या मंडळीत कोणतीही जबाबदारी तोंडी दिली जात नाही. पाळकांच्या अध्यक्षतेखालील नामनिर्देशन समिती नाव सुचवते, ते नाव वर्षातून एकदा भरणाऱ्या चार्ज कॉन्फरन्ससमोर, म्हणजे मंडळीच्या अधिकृत सभेसमोर, ठेवले जाते, आणि जिल्ह्यातील मंडळ्यांवर देखरेख करणारे डिस्ट्रिक्ट सुपरिंटेंडेंट अध्यक्षस्थानी असताना त्यावर मत घेतले जाते. समाजातील सेवाकार्याची समिती माझ्याकडे आली ती याच रीतीने. पाळकसाहेबांनी त्या दिवशी मला एवढेच सांगितले, “ताई, नवीन काही सुरू करण्याआधी जे चालू आहे ते कोणासाठी चालू आहे, हे एकदा नीट पाहून घ्या.” पुढच्या सगळ्या कामाला या एका वाक्याने दिशा दिली, असे मी आज खात्रीने म्हणू शकते.

चालू असलेली कामे कमी नव्हती. गरजू कुटुंबांना शिधा दिला जाई, महिला समाज आपत्तीग्रस्तांसाठी स्वच्छतासंच बांधत असे, काही ज्येष्ठ सभासद आजाऱ्यांच्या भेटीला जात आणि दारूच्या व्यसनातून बाहेर पडू पाहणाऱ्यांचा एक गट आठवड्यातून एकदा आमच्या सभागृहात जमत असे. मात्र या चारही कामांची माणसे एकमेकांशी क्वचितच बोलत. शिधा नेणाऱ्या घरातील आजारी आईला भेटायला कोणी गेले आहे का, हे सांगता येईल अशी एकही नोंद कोठे नव्हती.

मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली आणि त्यांचे सहकारी १७३० पासून ऑक्सफर्डच्या तुरुंगातील कैद्यांना भेटू लागले, तेव्हा मेथडिस्ट नावाचा पंथ अजून उभाही राहिलेला नव्हता. पुढे लंडनमध्ये फाउंड्री या तोफा ओतण्याच्या जुन्या कारखान्याच्या इमारतीत त्यांनी उपासनेबरोबरच गरिबांसाठी दवाखाना चालवला आणि छोट्या व्यावसायिकांना तीन महिन्यांत फेडायची लहान कर्जे दिली. ही दोन्ही कामे १७४६ ची. त्याआधी, १७४३ मध्ये, त्यांनी आपल्या अनुयायांच्या संस्थांसाठी जे सर्वसाधारण नियम लिहिले, त्यांत वाईट टाळणे, चांगले करणे आणि उपासनेच्या रीती पाळणे असे तीन भाग होते, आणि चांगले करण्याच्या भागात भुकेल्यांना अन्न देणे व आजाऱ्यांना आणि कैद्यांना भेटणे यांचा स्पष्ट उल्लेख आहे. हा इतिहास मी समितीच्या पहिल्याच बैठकीत मांडला, कारण सेवाकार्य म्हणजे उपासनेनंतर उरलेल्या वेळात करायचे काम, असा समज आमच्यातील काही चांगल्या माणसांच्याही मनात होता.

त्यानंतर आम्ही लोकांना विचारायला निघालो. जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापिका, आरोग्य केंद्रातील परिचारिका आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शिधा नेणारी माणसे, यांच्याशी आम्ही बोललो. प्रत्येक ठिकाणी दोघांनी जायचे, एकाने बोलायचे आणि दुसऱ्याने ऐकून लिहायचे, असे ठरवले होते. “आम्ही तुमच्यासाठी काय करू?” हा प्रश्न आम्ही मुद्दाम टाळला, कारण त्यावर लोक संकोचाने “जे द्याल ते चालेल” एवढेच म्हणतात. त्याऐवजी आठवड्यातील कोणता दिवस सर्वांत जड जातो, असे विचारले. उत्तरे अगदी नेमकी मिळाली. शिधा सकाळी दिला जाई, ती वेळ निवृत्त स्वयंसेवकांच्या सोयीची होती, पण रोजंदारीवर जाणाऱ्याला त्यासाठी दिवसाची मजुरी सोडावी लागत असे. शाळा सुटल्यापासून आईवडील कामावरून परतेपर्यंत अनेक मुलांना बसायला जागा नव्हती. परिचारिकेने सांगितले की औषधे वेळेवर न घेणाऱ्या वृद्धांपैकी बऱ्याच जणांशी दिवसभरात कोणी बोललेलेच नसते.

शिधावाटपाची वेळ संध्याकाळवर नेणे सोपे होते. त्याची रीत बदलायला मात्र वेळ लागला. आधी सर्वांना सारखीच बांधलेली पिशवी हाती दिली जाई. आम्ही वस्तू फळ्यांवर मांडून, कुटुंबातील माणसांच्या संख्येनुसार ठरवलेल्या मर्यादेत, प्रत्येकाने स्वतः निवडून घ्यावे असे सुचवले. लोक जास्त घेतील, गर्दी होईल, हिशोब राहणार नाही, असे आक्षेप आले, आणि ते वर्षानुवर्षे हे काम निष्ठेने करणाऱ्यांचे असल्यामुळे त्यांना उडवून लावणे योग्य झाले नसते. म्हणून आम्ही एक संध्याकाळ प्रयोगादाखल घेतली. त्या संध्याकाळी एका वयस्कर गृहस्थांनी साखरेचे पाकीट उचलले, क्षणभर हातात धरले आणि परत फळीवर ठेवून दिले. मला मधुमेह आहे, साखर मी दर वेळी शेजाऱ्यांना देत आलो, असे ते शेजारी उभ्या असलेल्या स्वयंसेविकेला म्हणाले. ती स्वयंसेविका बदलाला सर्वांत जास्त विरोध करणाऱ्यांपैकी होती, आणि पुढच्या बैठकीत हा प्रसंग तिनेच सांगितला. त्यानंतर चर्चा लांबली नाही.

शाळा सुटल्यावर मुलांना बसता यावे म्हणून आम्ही जो अभ्यासवर्ग सुरू करायचे ठरवले, त्याची गोष्ट वेगळी होती. मुलांचा प्रश्न आला की मेथडिस्ट मंडळीत पहिल्यांदा बालसुरक्षेचा विचार करावा लागतो, आणि तो करावाच लागला पाहिजे असे माझे ठाम मत आहे. युनायटेड मेथडिस्ट चर्चच्या जनरल कॉन्फरन्सने, म्हणजे त्या चर्चच्या सर्वोच्च सभेने, १९९६ मध्येच स्थानिक मंडळ्यांनी मुलांच्या संरक्षणासाठी धोरणे आखावीत असा ठराव केला होता. त्या विचारातून रूढ झालेले नियम आम्ही आधार म्हणून घेतले आणि आपल्या इमारतीला लागू पडतील असे लिहून काढले. कोणत्याही खोलीत मुलांबरोबर किमान दोन प्रौढ असलेच पाहिजेत, आणि ते एकमेकांचे नातेवाईक नसावेत. दार उघडे असावे किंवा दाराला आरपार दिसणारी काच असावी. नव्याने आलेल्या माणसाला, तो कितीही ओळखीचा असला तरी, काही महिने मंडळीत घालवल्याशिवाय मुलांची जबाबदारी देऊ नये. प्रत्येक स्वयंसेवकाची चारित्र्य पडताळणी व्हावी, संदर्भासाठी दिलेल्या व्यक्तींशी प्रत्यक्ष बोलावे, आणि शंका आल्यास ती कोणाला कळवायची हे भिंतीवर ठळक लिहिलेले असावे.

या टप्प्यावर काही जण दुखावले. पिढ्यान्‌पिढ्या रविवारची शाळा घेणाऱ्या एका ज्येष्ठ शिक्षकांना पडताळणीचा अर्ज भरायला सांगणे मला जड गेले. त्यांच्या घरी जाऊन मी त्यांना सांगितले की अर्ज सर्वांत आधी पाळकसाहेबांनी भरला आहे, त्यानंतर मी, आणि नियम व्यक्ती पाहून लावला तर त्याचा मुलांना काहीच उपयोग नाही. ते बराच वेळ बोलले नाहीत, मग चष्मा शोधून त्यांनी अर्ज तिथेच भरला. पुढे तेच आमच्या प्रशिक्षणात नवीन स्वयंसेवकांना हे नियम समजावून सांगू लागले. विश्वस्त मंडळाने मागच्या खोलीच्या लाकडी दारात काच बसवून दिली, इमारतीचा विमा या उपक्रमाला लागू होतो का हे तपासले, आणि मगच वर्गाला परवानगी दिली. या सगळ्यात अपेक्षेपेक्षा बराच अधिक काळ गेला. तरीही यातील एकही पायरी गाळावी असे मला तेव्हाही वाटले नाही आणि आजही वाटत नाही.

व्यसनमुक्तीच्या गटाबाबत आम्हाला फार काही करायचे नव्हते. तो गट आमचा नव्हता, आम्ही केवळ जागा देत होतो, आणि आत कोण येते याची विचारपूस न करणे हाच त्या सेवेचा मोठा भाग होता. त्यांची वेळ कोणत्याही कार्यक्रमासाठी हलवली जाणार नाही, एवढे विश्वस्तांकडून आम्ही लेखी घेतले. या निमित्ताने तरुणांना मी प्रभुभोजनाविषयी, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि प्याला वाटून घेण्याच्या विधीविषयी, एक गोष्ट सांगितली. बहुतेक मेथडिस्ट मंडळ्यांत प्याल्यात न आंबवलेला द्राक्षरस असतो. थॉमस वेल्च या मेथडिस्ट दंतवैद्याने १८६९ मध्ये द्राक्षरस तापवून तो आंबणार नाही अशी पद्धत वापरली, ती प्रभुभोजनासाठीच. दारूपासून दूर राहण्याची रोज धडपड करणाऱ्या माणसालाही मेजापाशी निर्धास्तपणे येता यावे, हे त्या एका प्याल्याने शक्य होते.

भेटींच्या कामाला मात्र मी सर्वांत जास्त वेळ दिला. वेस्लींच्याच काळात, इंग्लंडमधील ब्रिस्टलमध्ये १७४२ साली उपासनागृहाचे कर्ज फेडण्यासाठी साधारण बारा-बारा सभासदांमागे एक पुढारी नेमून दर आठवड्याला प्रत्येकी एक पेनी गोळा करायचे ठरले, आणि ती पेनी घ्यायला घरोघरी गेलेल्या पुढाऱ्यांना लोक कसे जगत आहेत हे दिसू लागले. मेथडिस्ट वर्गसभांचा, म्हणजे एका पुढाऱ्याभोवती नियमित जमणाऱ्या सभासदांच्या छोट्या गटांचा, उगम तिथे आहे. आम्हीही घराबाहेर पडू न शकणाऱ्यांची यादी करून ती जोड्यांमध्ये वाटली. उपासनेत पाळकांनी प्रार्थनापूर्वक वेगळी केलेली भाकर आणि द्राक्षरस त्याच रविवारी अशा घरांत नेण्यासाठी प्रशिक्षित सभासद तयार केले. बरीच वर्षे अंथरुणाला खिळलेल्या एका आजींना पूर्वी सणावारीच कोणी भेटत असे. पहिल्या रविवारी त्यांनी आम्हाला विचारले, “आज मंडळीत कोणते गीत झाले?” आम्ही सांगितले, तेव्हा त्यांनी ते गीत पूर्ण म्हटले, आम्हाला मधली कडवी येत नव्हती तीही. तेव्हापासून भेटीला जाणारी जोडी त्या दिवसाच्या गीतांची यादी बरोबर नेते. घरात ऐकलेली खासगी गोष्ट परवानगीशिवाय प्रार्थनेच्या यादीत घालायची नाही, हा नियमही आम्ही याच काळात केला, कारण प्रार्थनाविनंतीच्या रूपाने माणसाची अडचण सर्वांसमोर यावी हे मला मान्य नाही.

पैशांच्या बाबतीत अर्थ समितीने शिस्त घालून दिली. सेवाकार्यासाठी आलेले दान वेगळे नोंदवायचे, ते दुसऱ्या कोणत्याही खर्चाला वापरायचे नाही, आणि मोजणीला दोन वेगवेगळ्या कुटुंबांतील माणसे बसवायची. महिला समाजाच्या स्वच्छतासंचांचे नियम त्याहून काटेकोर आहेत. युनायटेड मेथडिस्ट चर्चची अम्कोर ही मदतसंस्था १९४० पासून काम करते आणि संचात काय असावे हे ती ठरवून देते. त्यात पैसे, चिठ्ठ्या किंवा जास्तीच्या वस्तू घालायच्या नसतात. प्रेमाने लिहिलेली चिठ्ठी का चालत नाही, असे एका भगिनीने विचारले. संच उघडून तपासले जातात आणि कोणत्या देशात जातील हे बांधताना माहीत नसते, त्यामुळे सर्व संच एकसारखे असणेच घेणाऱ्याच्या हिताचे असते, हे मी त्यांना समजावून सांगितले.

एका प्रश्नावर समितीत खरी वादावादी झाली. मदत घ्यायला येणाऱ्यांना उपासनेचे निमंत्रण द्यावे का? मी स्पष्ट सांगितले की फलकावर उपासनेची वेळ असावी, कोणी विचारले तर मनापासून बोलवावे, पण शिध्याच्या रांगेत किंवा मुलांच्या नोंदणीपत्रकात धर्माचा रकाना नसावा. ज्याला नकार देणे परवडत नाही त्याला निमंत्रण दिले, तर त्याच्या होकाराला काय अर्थ उरतो? दोघांनी विरोधी मत दिले, ते इतिवृत्तात नोंदवले गेले, आणि रकाना काढून टाकण्यात आला.

या वर्षीच्या चार्ज कॉन्फरन्ससाठी अहवाल तयार करताना नमुन्यात लाभार्थ्यांची संख्या विचारली होती. ती आम्ही भरली. त्याखाली आणखी एक परिच्छेद जोडला, की शिधा नेणाऱ्यांपैकी काही जण आता फळ्या लावायला येतात आणि त्यांच्यापैकी एक महिला सेवाकार्य समितीची सभासद व्हायला तयार आहे. तिचे नाव नामनिर्देशन समितीकडे पाठवले आहे.