सुगीला देवदार म्हटलं तेव्हा

"ताई, ह्याचा वास घ्या. आता ह्या फळीचा घ्या. ही दोन्ही एकाच झाडाची कशी?"

जपानमधल्या नारा प्रांतातल्या योशिनोच्या एका सॉ मिलमध्ये आम्ही उभे होतो. दादांनी खिशातून काढलेला तुकडा देवदाराचा होता, हिमालयातला. तेलकट, जड, दरवळ असा की बोटांना चिकटून राहावा. मिलमधली फळी हलकी होती, गाभा गुलाबीसर तांबडा आणि कडेचा भाग पांढरा. तिचाही वास गोड, पण वेगळाच. दादांनी फळीवर नख दाबलं तर खूण उमटली.

दादांचं कोल्हापूरकडे देव्हारे बनवण्याचं काम, तिसरी पिढी. मी जपानी भाषेची दुभाषी. त्या मिलचं माहितीपत्रक मराठीत मीच केलं होतं. त्यांच्या इंग्रजी मजकुरात 'जपानी सीडर' असं होतं. सीडर म्हणजे देवदार, हे डोक्यात इतकं पक्कं की मी 'जपानी देवदार' लिहून मोकळी झाले. मूळ जपानीत 'सुगी' हे झाडाचं नाव समोर असूनही. आणि दादा त्या एका शब्दावर विसंबून एवढ्या लांब आले होते. देवदारू म्हणजे देवाचं लाकूड, त्याचा देव्हारा केला तर गिऱ्हाईक नाव ऐकूनच मान डोलावेल, असा त्यांचा हिशोब. त्यात चूक काय होती? चूक माझ्या शब्दात होती. पोटात गोळा आला.

मी मालकांना सगळं सांगितलं. सत्तरी ओलांडलेले गृहस्थ. त्यांनी दादांचा तुकडा नाकाशी नेला, डोळे मिटले आणि म्हणाले, "हिमालया-सुगी!"

जपानीत देवदाराचं नाव हेच आहे. लेबनॉनच्या सीडरलाही ते लेबनॉन-सुगी म्हणतात. इंग्रजांनी सुगीला सीडर केलं, जपान्यांनी सीडरला सुगी. खरं तर देवदार पाइनच्या कुळातला आणि सुगी सायप्रसच्या. जवळचं नातं काही नाही. सुगीचं शास्त्रीय नाव क्रिप्टोमेरिया जापोनिका. मालक म्हणाले, "चला, दाखवतो."

मिलमागच्या उतारावर सुगीचं रान होतं. सरळसोट, एकाला एक लागून. योशिनोत हेक्टरी आठ-दहा हजार रोपं लावतात. ती दाटीत हळूहळू वाढतात, म्हणून वलयं बारीक येतात. पुढं पिढ्यान्‌पिढ्या विरळणी करत उरलेली जोपासायची. पाचशे वर्षांची ही पद्धत. झाड पाडलं की फांद्या-पानांसकट काही महिने डोंगरावरच ठेवतात, पानं खोडातलं पाणी ओढून घेतात. साकेची, म्हणजे तांदळाच्या जपानी दारूची, पिंपं करायला ह्या लाकडाला पूर्वीपासून मागणी. मालकांनी एक डहाळी मोडून दादांच्या तळहातावर ठेवली. आत वळलेली, टोकदार, आखूड पानं, फांदीभोवती गोल फिरत गेलेली. फळ सुपारीएवढं.

मग त्यांनी गाडी काढली आणि आम्हाला एका बंद पडलेल्या शाळेच्या मैदानात नेलं. तिथं कोपऱ्यात, फांद्या लोंबवत, देवदार उभा होता! जपानात बागांतून, शाळांतून तो हौसेनं लावलेला असतो. मालक ह्याच शाळेत शिकलेले. सुया झुपक्यांनी आलेल्या. देवदाराचं फळ झाडावरच सुटं होतं आणि शेंड्याचा भाग खाली पडतो, लाकडी गुलाबासारखा. मालकांनी वाकून तसा एक उचलला, फुंकर मारून माती झटकली आणि दोन्ही हातांनी दादांना दिला. "लहानपणी आम्ही हे गोळा करायचो." दादा बराच वेळ झाडाकडं बघत राहिले. आपल्याकडचं झाड इतक्या दूर भेटलं होतं. त्या पाच मिनिटांत मला भाषांतर करावं लागलं नाही.

परतल्यावर मी दादांची माफी मागितली. ते म्हणाले, "ताई, देव्हारा मी सागवानातच करणार. हे मऊ आहे, कोरीव कामाला माझ्या पटाशीखाली टिकायचं नाही. पण ह्या रेषा बघा." देव्हाऱ्यामागं लावायच्या फळ्यांसाठी त्यांनी थोडा माल पसंत केला.

नाव काय लिहायचं, हा प्रश्न उरला. दार्जिलिंगकडं हेच झाड इंग्रजांच्या काळात भरपूर लावलं गेलं आणि तिथले लोक त्याला 'धुपी' म्हणतात, हे मी सांगितलं. दादांनी तो शब्द दोनदा उच्चारून बघितला. मग म्हणाले, "नको. ह्यांच्या झाडाला हे जे म्हणतात तेच लिहा. गिऱ्हाईक विचारेल, तेव्हा मी सांगेन."

पावतीवर मी देवनागरीत लिहिलं, सुगी. मालकांनी ती अक्षरं कुठून कुठपर्यंत आहेत ते विचारून घेतलं आणि त्यांच्याशेजारी आपलं एकच अक्षर, 杉, काढलं. त्या रात्री हॉटेलात बसून माहितीपत्रकातला 'देवदार' शोधून शोधून बदलला. चौदा ठिकाणी होता.