आमच्या घरचा बागी

१९७२च्या एप्रिलमध्ये चंबळच्या बाग्यांनी, म्हणजे दरोडेखोरांनी, जौऱ्याला जयप्रकाशजींच्या साक्षीनं गांधींच्या तसबिरीपुढं शस्त्रं ठेवली, तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आमच्या लश्करात, म्हणजे ग्वाल्हेर शहराच्या त्या भागात, दुसरा विषयच नव्हता. रेडिओ बंद करता करता आजी म्हणाली, "आपल्यातही एक होते हो, बागी झालेले." आत्यानं तिला तिथंच दाबलं, "आई, पोरींची लग्नं व्हायचीयत अजून." तो विषय मग चाळीस वर्षं कुणी काढला नाही.

दौलतगंजातलं घर विकायला काढलं तेव्हा देवघराच्या फडताळातून कागदांचा एक रुमाल निघाला. वरच्या कागदावर थोरल्या काकांनी पेन्सिलीनं लिहिलं होतं : '१५ साली फरार. पणजोबांचे धाकटे भाऊ?' खाली मोडीतला मजकूर. काकांना मोडी जेमतेम यायची, पण त्यांच्या शब्दावर शंका घेण्याची आमच्याकडे पद्धत नव्हती. म्हणजे १९१५ साल, म्हणजे बीहडात, चंबळच्या घळींत, गेलेला दरोडेखोर. मी दोन वर्षं या दरोडेखोराच्या मागं लागले. एका दफ्तरात आधी 'होळीनंतर या' झालं, मग 'बाबू सुट्टीवर हैं' झालं आणि शेवटी जो बस्ता समोर आला त्याच्या मधल्या भागाची वाळवीनं चाळण केलेली. शिव्या घातल्या मनात, दुसरं काय करणार!

शेवटी मोडी शिकायला बसले. पुण्याचे एक गुरुजी मोबाइलवर शिकवायचे. आधी ओळ आखायची, मग अक्षरं तिला टांगत जायचं, शब्द तोडायचे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा तर पत्ताच नाही. चौथ्या महिन्यात मी तो कागद पुन्हा काढला. पंधराच्या आकड्याआधी एक बारीक 'सं' होता. संवत! ग्वाल्हेर दरबारचा कारभार विक्रम संवतावर चालायचा हे आम्हाला ठाऊक नव्हतं थोडंच? शतक न लिहिता नुसतं '१५' म्हणजे संवत १९१५. त्यातून सत्तावन्न वजा केले की १८५८. काकांनी माणूस सत्तावन्न वर्षं पुढं ढकलला होता, वर त्याला दरोडेखोरही करून ठेवला होता.

कागद खापरपणजीचा अर्ज निघाला. 'घरधनी सं १५ जेठपासून फरारी, घर सरकारजमा न व्हावे.' एवढंच. त्याखाली शेरा नाही, शिक्का नाही. अर्जाची नक्कल असावी.

त्या सालचा जेठ, आपला ज्येष्ठ महिना, म्हणजे काय ते लश्करच्या माणसाला सांगावं लागत नाही. १ जून १८५८ला मुरारजवळ तात्या टोपे, रावसाहेब आणि झाशीची राणी यांच्यासमोर ग्वाल्हेरच्या जयाजीराव शिंदे महाराजांची फौज उभी राहिली आणि बहुतेक तशीच त्यांना जाऊन मिळाली. महाराज आग्र्याला निघून गेले. तीन आठवड्यांच्या आत इंग्रज सेनापती ह्यू रोजनं शहर परत घेतलं. आमचे खापरपणजोबा शिलेदार होते. बंडवाल्यांकडे गेले ते परतलेच नाहीत.

तेव्हा आजीच्या कुजबुजीचा अर्थ लागला. इंग्रजांविरुद्ध लढले याची लाज कुणाला वाटत असेल? लाज होती ती महाराजांचं मीठ खाऊन फिरल्याची. पुढच्या तीन पिढ्या दरबारच्या नोकरीवर जगल्या, त्या घरात हे नाव कोण काढणार?

राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'अभिलेख पटल'वर इंग्रजी फायली घरबसल्या चाळता येतात. फक्त आपलं आडनाव साहेबानं कसं लिहिलं असेल याचा अंदाज बांधत राहायचं. मी नऊ प्रकारे लिहून पाहिलं. एका यादीत आडनाव मिळालं, पुढं नाव मात्र अर्धवट. 'तेच असतील' असं म्हणायचा मोह झाला होता, पण म्हटलं नाही.

खरं हाती लागलं ते त्र्यंबकेश्वरला, तीर्थोपाध्यायांच्या वंशावळीच्या वहीत. "माहेरचं आडनाव, मूळ गाव?" उपाध्यायांनी विचारलं. कऱ्हाडजवळचं गाव सांगितलं. त्यांनी लांबट वही काढली, बोटाला थुंकी लावून पानं उलटली आणि पाऊण तासात आमचं कूळ पुढ्यात ठेवलं. शके १७९१. म्हणजे १८६९, फरारीनंतर अकरा वर्षांनी! खापरपणजोबांच्या हातची मोडी : वडील, आजे, पणजे, मुलगा. मुलाचं नाव बरोबर होतं, पणजोबांचंच.

आता गंमत बघा. व्हिक्टोरिया राणीच्या जाहीरनाम्यानं इंग्रजांच्या खुनात प्रत्यक्ष हात नसलेल्यांना १ जानेवारी १८५९पर्यंत परत येण्याच्या अटीवर माफी दिली होती. हे आले नाहीत. का, ते वहीत कुठून असणार?

माझा चुलतभाऊ आता मागं लागलाय, ताई, फुलबागेत झाशीच्या राणीच्या समाधीपाशी यांच्याही नावाची पाटी लावून घेऊ. मी त्याला वहीच्या पानाचा फोटो पाठवला. त्या पानावर आधी-नंतर आलेल्या आमच्या प्रत्येकानं नावाखाली 'हल्ली मुक्काम लश्कर' लिहिलंय, एकानं 'उज्जैन'. खापरपणजोबांनी 'हल्ली मुक्काम' एवढे दोन शब्द लिहून पुढं बोटभर जागा कोरी सोडलीय.