चिरडलेल्या मुंग्यांचा वास

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातील आमच्या घरात वाइन या शब्दाचा अर्थ बराच काळ एकच होता. नाताळात शेजारच्या ख्रिस्ती घरातून नेवऱ्या आणि दोदोल यांच्याबरोबर पेलाभर येणारी गोड, दाट पोर्ट. त्यामुळे गेल्या डिसेंबरात ॲडलेडहून आलेल्या मामेभावाने वाळपईच्या घरी पेनफोल्ड्स या ऑस्ट्रेलियन कंपनीच्या ‘ग्रेंज’ या तांबड्या वाइनची बाटली उघडली, तेव्हा पहिला घोट घेऊन मामांनी जे विचारले त्यात नवल काहीच नव्हते. ते म्हणाले, “गोडी नाही, पण लागते पोर्टसारखीच. ही सुकी पोर्ट काय रे?”

मामांना कल्पना नव्हती, पण सुमारे सत्तर वर्षांपूर्वी सिडनीत एका जाणकाराने याच वाइनला हेच नाव ठेवले होते. तो या वाइनच्या कर्त्याचे अभिनंदन करून म्हणाला होता की, ही सुकी पोर्ट छान जमली आहे, मात्र शहाणा माणूस ती विकत घेणार नाही, पिण्याची तर गोष्टच सोडा.

हा कर्ता म्हणजे मॅक्स शुबर्ट. त्याचा जन्म 1915 सालचा. 1931 साली तो पेनफोल्ड्सच्या बरोसा खोऱ्यातील नुरिऊटपा येथील कारखान्यात निरोप पोचवणारा पोऱ्या म्हणून लागला, पुढे ॲडलेडजवळच्या मॅगिल येथे आला, मधल्या काळात महायुद्धात सैनिक म्हणून जाऊन परतला आणि 1948 साली कंपनीचा मुख्य वाइनमेकर झाला. त्या काळी ऑस्ट्रेलियात बहुतांश खप होता तो ब्रँडीची जोड दिलेल्या शेरी आणि पोर्ट यांचा, म्हणजे चवीच्या बाबतीत तो देश आपल्या गोव्याहून फारसा निराळा नव्हता. म्हणूनच 1950 साली कंपनीने त्याला युरोपात धाडले ते स्पेनमधील हेरेस येथे शेरीची पद्धत पाहण्यासाठी. परतताना तो फ्रान्समधील बोर्दो येथे थांबला. तेथे ख्रिस्तियां क्रूझ या अनुभवी व्यापाऱ्याने त्याला चाळीस-पन्नास वर्षे मुरलेल्या तांबड्या वाइन चाखवल्या. किमान वीस वर्षे जिवंत राहील अशी तांबडी वाइन आपल्या देशात करायची, हा विचार त्याच्या मनात तेथेच रुजला.

बोर्दोची काबर्ने सोव्हिन्यो द्राक्षे त्याच्या प्रांतात पुरेशी मिळेनात, तेव्हा त्याने भरपूर पिकणारी शिराज घेतली. फ्रेंच ओकच्या जागी अमेरिकन ओकची सुमारे तीनशे लिटरची कोरी पिंपे घेतली. 1951 च्या हंगामात पहिला प्रयोग झाला. त्या बाटल्या विक्रीला आल्याच नाहीत, बऱ्याचशा वाटण्यात गेल्या, आणि आज लिलावात त्यांतल्या एकेका बाटलीला लाखभर ऑस्ट्रेलियन डॉलरांहूनही अधिक भाव आलेला आहे. विक्रीसाठीची पहिली वाइन 1952 ची. संस्थापक डॉ. ख्रिस्तोफर रॉसन पेनफोल्ड यांचे मॅगिल येथील घर ‘ग्रेंज’ या नावाने ओळखले जाई, तेच नाव तिला दिले गेले.

मामांनी चाळीस वर्षे काजूची भाटी (बोंडांच्या आंबवलेल्या रसाची दारू गाळण्याची भट्टी) लावली आहे, त्यामुळे त्यांना या इतिहासापेक्षा आंबवण्यात अधिक रस होता. रस किती दिवस ठेवतात, असे त्यांनी विचारले. शुबर्टने सुमारे बारा दिवसांचा बेत आखला होता, हे ऐकून ते हसले. चैत्रातल्या उष्म्यात बोंडांचा रस तिसऱ्या दिवशी भाटीवर चढवण्याजोगा होतो, त्याला बारा दिवस थोपवायचे तरी कसे? शुबर्टची खरी कारागिरी नेमकी या प्रश्नाच्या उत्तरात आहे, असे मला वाटते. आंबताना रस तापतो आणि तापला की आणखी वेगाने आंबतो. म्हणून त्याने रस थंड करून पुन्हा टाकीत सोडण्याची व्यवस्था केली आणि साखर रोज किती उतरावी याचा हिशेब ठेवला. द्राक्षांच्या साली वर तरंगून त्यांचा थर जमतो. तो फळ्यांनी रसाखाली दाबून ठेवला, म्हणजे रंग, तुरटपणा आणि कस सावकाश उतरत राहतो. शेवटची थोडी साखर शिल्लक असतानाच रस नव्या पिंपांत भरला, म्हणजे आंबणे लाकडाच्या सहवासात पुरे झाले. अशी वाइन तरुणपणी उग्रच लागणार, कारण ती तरुणपणी प्यायची नव्हतीच.

ती तशी दाखवली गेली, हेच चुकले. 1951 ते 1956 पर्यंतच्या हंगामांची चव घेण्यासाठी सिडनीत वरिष्ठ आणि जाणकार जमले आणि त्यांनी तिची खिल्ली उडवली. रानटी फळे, कसलीकसली बोरे आणि त्या सगळ्यांवर चिरडलेल्या मुंग्यांचा वास, असे तिचे वर्णन एकाने केले. 1957 च्या हंगामापूर्वी मुख्य कार्यालयाने ही वाइन बंद करण्याचा आदेश दिला. मुख्य कार्यालयाला खलनायक ठरवणे सोपे आहे, परंतु कोणी घेईना अशा मालात वर्षानुवर्षे पैसा अडकवून ठेवण्याचा निर्णय आपल्याकडच्या कोणत्या हिशेबनिसाने सुखाने मान्य केला असता?

शुबर्टने आदेश मानला नाही. 1957, 1958 आणि 1959 अशी तीन वर्षे तो मॅगिलच्या तळघरात थोड्या प्रमाणात ग्रेंज करत राहिला. मालक घराण्यातील जेफ्री पेनफोल्ड हायलंड यांचा त्याला आडून पाठिंबा होता. नवी पिंपे मागवली तर गुपित फुटेल, म्हणून वापरलेल्या पिंपांवर भागवावे लागले. तोवर आधीच्या बाटल्या मुरत होत्या, त्यांचा उग्रपणा निवळत होता आणि चाखणाऱ्यांचे मतही बदलत होते. 1960 च्या हंगामाच्या तोंडावर कार्यालयाने स्वतःच उत्पादन पुन्हा सुरू करण्यास सांगितले. 1962 साली सिडनीच्या प्रदर्शनात 1955 च्या ग्रेंजला सुवर्णपदक मिळाले आणि पुढे त्या एकाच हंगामाने पन्नासहून अधिक सुवर्णपदके मिळवली.

बोर्दोतली नामांकित वाइन आपापल्या मळ्याशी बांधलेली असते. ग्रेंज मात्र दक्षिण ऑस्ट्रेलियातील निरनिराळ्या भागांतील द्राक्षे एकत्र करून केली जाते. तिची ओळख कोणत्याही एका जमिनीत नाही, चाखून मेळ घालणाऱ्या माणसाच्या जिभेत आहे. शुबर्ट 1975 साली निवृत्त झाला आणि 1994 साली वारला. त्याच्यामागून डॉन डिटर, जॉन डुव्हाल आणि 2002 पासून पीटर गागो यांनी ती जीभ सांभाळली आहे.

आमची बाटली 2010 ची होती, म्हणजे शुबर्टच्या हिशेबाने अजून कच्चीच. ऑस्ट्रेलियातच सुमारे हजार डॉलरला मिळणारी बाटली अशी अकाली उघडल्याबद्दल मी भावाला थोडे बोललोही. मुंग्यांचा किस्सा ऐकल्यावर मामांनी पेला पुन्हा नाकाशी नेला आणि बराच वेळ हुंगला. मग म्हणाले, “काजू काढताना झाडावरच्या तांबड्या मुंग्या हाताखाली चिरडतात ना, त्याच आंबटाची जरा ओढ आहे खरी. पण त्याला वाईट वास कोण म्हणाला?” एवढे बोलून त्यांनी पेला भावापुढे केला आणि आणखी थोडी ओतायला सांगितली.