सोबत कुणी नाही का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. ‘भिगवणला पक्षी बघायला एकट्याच जाता? सोबत कुणी नाही का?’ हा प्रश्न मला सोसायटीच्या जिन्यात येतो, लग्नाच्या पंगतीत येतो, सोलापूरच्या गाडीत शेजारी बसलेल्या मावशींकडूनही येतो. विचारण्यात काळजी असते, जराशी कीवही असते. माणसं आहेत हो मला. नवऱ्याला पहाटे उठण्याचं वावडं आहे, एवढंच. मैत्रिणी आल्या की दशम्या-चटणी येते, कुणाच्या तरी सुनेचा विषय निघतो आणि दिवस झकास जातो. पक्षी तेवढे राहून जातात.

उजनीचं धरण 1980 साली पूर्ण झालं. भीमेचं पाणी मागे पसरत भिगवण, कुंभारगावच्या शिवारात शिरलं. गावं उठली. पाणी फार उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ अजून वर डोकावतं. या उथळ, गाळाच्या पाण्यातच हिवाळ्यात रोहित, म्हणजे आपले फ्लेमिंगो, उतरतात. मला लाभणारी शांतता कुणाच्या तरी बुडालेल्या घरादारावर पसरली आहे, हे होडीत बसताना विसरता येत नाही.

रोहित चरतो तेव्हा चोच चक्क उलटी धरतो. जिभेनं पाणी आत ओढायचं, चोचीच्या कडेच्या जाळीतून गाळून बाहेर टाकायचं, आत उरेल तो घास. मध्येच एका जागी पाय आपटत तळाचा गाळ ढवळतो. हे सगळं वाचून ठाऊक होतं. दिसलं मात्र होडी लांब थांबवून, कॅमेरा पिशवीत टाकून गप्प बसल्यावर. सुरुवातीला मन घरीच असतं. गॅस बंद केला ना, बाईंना किल्ली दिली ना. मग कंटाळा येतो, आणि चांगलाच येतो. माझ्या मते बहुतेक जण तिथूनच परत फिरतात. तो ओसरेपर्यंत थांबलं तर थवा चरत चरत आपणहून जवळ सरकतो आणि त्यांची आपसातली घोगरी कुरकुरही कानावर पडते.

सोबत असली की माझं तोंड चालू होतं. ‘ते बघ पट्टकादंब, हिमालय ओलांडून आलेत!’ वाक्य संपलं की बघणंही संपतं; चला, पुढचा पक्षी. एकटी असले की सांगायचं कुणाला? मग बघतच राहते. थवा चरत असतो तेव्हा कुणीतरी एक मान ताठ ठेवून असतो. त्यानं मान खाली घातली की दुसरा वर करतो.

एकांत म्हणजे माणसांना टाळणं, असंही नाही. मारुती चितमपल्लींनी वनखात्याच्या नोकरीत कितीतरी वर्षं जंगलात काढली, पण पक्ष्यांची नावं त्यांनी गोळा केली ती जंगलातल्या माणसांकडूनच. मलाही थवा आज कुठे बसलाय हे होडीवाले दादाच सांगतात. सांगतात आणि गप्प होतात, हा त्यांचा मोठेपणा.

तुम्हालाही यायचं असेल तर फेब्रुवारी-मार्च बरा. होडी आदल्या दिवशी फोन करून ठरवा, घरी सांगून निघा. माझ्याबरोबरच आलात तरी चालेल, फक्त होडी वेगळी घ्या. परतीच्या गाडीत मग काय ते पोटभर बोलू.